भाताच्या फुलोऱ्यातला एक तास

खान्देश म्हटलं की केळी, कापूस, भरताची वांगी. पण नंदुरबारच्या नवापूर भागात रंगावली नदीच्या आसपास आणि धुळ्याच्या पिंपळनेरकडच्या डोंगरपट्ट्यात पावसाळाभर भाताची खाचरं भरलेली असतात. सप्टेंबर सरता सरता लोंबी पोटरीतून, म्हणजे पानाच्या फुगीर आवरणातून, बाहेर पडते, भात निसवतो. नेमका त्याच सुमारास पाऊस मागे फिरतो आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागतं.

दृश्य: लोंबी, अगदी जवळून.

सकाळचे दहा वाजलेत. हिरव्या टरफलाच्या बुडाशी दोन बारीक खवले पाणी ओढून फुगतात आणि टरफल उघडतं. सहा फिकट पिवळे परागकोष वर येतात, फुटतात आणि पराग खालच्या केसाळ कुक्षीवर झडतो. भाताचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, मधमाशीची वाट पाहत नाही. साधारण तासाभरात टरफल मिटतं. ते पुन्हा उघडत नाही.

या तासात पारा 35 अंशांच्या वर गेला की घात होतो. परागकोष फुटायचे तर आतले परागकण फुगावे लागतात, आणि उन्हाच्या तडाख्यात ते पुरेसे फुगत नाहीत. कोष फुटला तरी पराग थोडाच पडतो आणि जो पडतो तोही नीट रुजत नाही. भाताचा पराग तसाही जेमतेम काही मिनिटं तग धरतो. दाणा धरतच नाही.

शेत मात्र हिरवंगार दिसत राहतं. फरक कळतो तो पंधरा-वीस दिवसांनी: भरलेली लोंबी वाकते, ही ताठच उभी राहते. मग बियाण्याला दोष, खताला दोष. त्या सकाळच्या उन्हाचं नाव कुणी घेत नाही, याचं फार वाईट वाटतं.

हवा कोरडी असेल आणि मुळाशी पाणी असेल, तर भात पानांतून वाफ सोडून स्वतःला गार ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या रिव्हेरिनात 38 अंशांच्या वरही दाणे भरलेले आढळले, ते यामुळेच. दमट हवेत आपला घाम वाळत नाही, तसं भाताचंही होतं. आपल्याकडे परतीचा पाऊस सरला की हवा कोरडी होते. म्हणून निसवण सुरू झाली की खाचरातलं पाणी सोडू नका. बांधाची फट आधीच लिंपून घ्या. लोंबी वरून खाली फुलत जाते, त्याला आठवडा लागतो. तेवढे दिवस फवारणी सकाळी नको, संध्याकाळी करा.

शास्त्रज्ञही याच तासामागे लागलेत. नगीना 22 हे आपलं जुनं भारतीय वाण फुलोऱ्यातलं ऊन सोसतं. आणि भाताच्या एका रानटी भाऊबंदाचा गुण आयआर 64 या भाताच्या वाणात आणून, फूल दीड-दोन तास आधी उमलणारी वाणंही तयार झाली आहेत. म्हणजे ऊन चढायच्या आत काम उरकलेलं.

ती वाणं हाती येतील तेव्हा येतील. आज नवापूरच्या शेतकऱ्याच्या हातात आहे ती वाणाची निवड. जिथं पाणी ऑक्टोबरपर्यंत टिकत नाही, त्या वरच्या खाचरात उशिरा पिकणारं गरवं भात नको, लवकर पिकणारं हळवं लावा. ते पावसातच फुलतं. फुलोऱ्यात सर आली तर पराग धुपेल, हा धोका राहतो. पण ढगाळ हवेत ऊन तरी बाधत नाही. गरवं भात खालच्या, पाणथळ खाचरासाठी ठेवा.