डोळ्यांनी शिकलेलं इंग्रजी कानांनी ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार.

दिंडोरी, निफाड, सिन्नरहून नाशिकला शिकायला येणारी मुलं-मुली एक तक्रार नेहमी करतात. "सर, इंग्रजी वाचलं की समजतं, पण समोरचा बोलायला लागला की सगळं डोक्यावरून जातं." सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परदेशी इंजिनियरशी व्हिडिओ कॉलवर बोलणारे तरुण हेच सांगतात. युरोपला द्राक्षं पाठवणारे बागायतदारही हेच सांगतात. यातल्या कोणाचंही व्याकरण कच्चं नसतं. आपण सगळे इंग्रजी डोळ्यांनी शिकलो आहोत, कानाला ते फारसं मिळालंच नाही.

छापलेल्या ओळीत दोन शब्दांमध्ये जागा सुटलेली असते. बोलताना ती राहत नाही. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू' हे सहा शब्द आपण वहीत सुटे लिहिले, पण बोलणाऱ्याच्या तोंडून 'वॉड्या वॉना डू' असं काहीतरी बाहेर पडतं. 'नेक्स्ट डे'मधला 'ट' गळून जातो. 'डिड यू'चं 'डिजू' होतं. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजी बोलणारा महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधले बारीक शब्द गिळून टाकतो. 'आय कॅन कम' म्हणताना 'कॅन'चा नुसता 'कन' उरतो. तोच माणूस 'येऊ शकत नाही' म्हणतो, तेव्हा 'कान्ट' ठणठणीत ऐकू येतो. अमेरिकन माणूस मात्र त्याचा 'कॅन्ट' करतो आणि शेवटचा 'ट' जेमतेम उच्चारतो. तिथे 'ट' शोधत बसू नका, शब्दावर जोर पडला का ते ऐका.

आकड्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला गोंधळ पंधरा पेट्या आणि पन्नास पेट्या इतका महाग पडू शकतो. आकडा सुटा असेल तर 'फिफ्टीन'मध्ये जोर शेवटाकडे असतो आणि 'फिफ्टी'मध्ये सुरुवातीला. पण पुढे 'बॉक्सेस' आलं की 'फिफ्टीन'चाही जोर सुरुवातीकडे सरकतो, म्हणून शेवटचा 'न' टिपायला शिका. आणि व्यवहारात शंका आली तर सरळ विचारा, 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?' इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, तेही असंच विचारून खात्री करून घेतात.

आता सराव. रोजच्या बोलण्यातला एक तुकडा घ्या: दुकानातला, दवाखान्यातला, भाड्याच्या खोलीची चौकशी करणारा. लांबी एक-दीड मिनिट, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा ऐकताना कोण बोलतंय, कुठे आणि त्याला काय हवंय, एवढंच पकडा. मग थांबवत थांबवत ऐका आणि कानावर पडेल ते लिहा. त्यानंतरच छापील संवाद उघडा आणि सुटलेल्या जागा अधोरेखित करा. बहुतेक वेळा तिथे अवघड शब्द नसतो, ओळखीचाच शब्द वेगळ्या आवाजात आलेला असतो. शेवटी कागद बाजूला ठेवून त्या आवाजाबरोबर स्वतः मोठ्याने बोला. सबटायटल वाचत पाहिलेल्या अख्ख्या सिनेमापेक्षा हे दीड मिनिट मला मोलाचं वाटतं. सबटायटल समोर असली की काम पुन्हा डोळेच करतात.

असं साहित्य फुकट मिळतं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा सहा मिनिटांचा गप्पांचा कार्यक्रम संहितेसकट मिळतो. मला विशेष आवडतं ते हे की अशा शिकवणीची सुरुवात रेडिओवरच झाली. व्हॉईस ऑफ अमेरिकाने १९५९ साली संथ गतीच्या, सुमारे १५०० शब्दांत बसवलेल्या इंग्रजी बातम्या सुरू केल्या. ऐकून भाषा शिकणाऱ्या दूरदूरच्या माणसांसाठी कोणीतरी इतका विचार केला होता. संथ इंग्रजीने सुरुवात जरूर करा, पण तिथे मुक्काम नको. आणि आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या विसरू नका. आपल्या कानाला ते उच्चार जवळचे आहेत, तिथून ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारांकडे जाणं सोपं पडतं.

छोटं व्याख्यान ऐकणं हे काम वेगळं आहे. तिथे प्रत्येक शब्दामागे धावलात तर सूत्र हातचं जाईल. कीर्तनात बुवा 'असो' म्हणाले, की आता आख्यान संपून मूळ अभंगाकडे वळणार हे आपल्याला कळतं. व्याख्यानातही असे शब्द असतात. 'हाउएव्हर' आलं की वळण आलं. 'फॉर एक्झाम्पल' आलं की पेन थोडं थांबलं तरी चालेल. 'द पॉइंट इज' आलं की लिहायलाच हवं. आणि पहिली व्याख्यानं आपल्या जाणत्या विषयाची निवडा. निफाडच्या मुलाने द्राक्षाच्या छाटणीवरचं किंवा ठिबक सिंचनावरचं ऐकावं. नर्सिंगच्या मुलीने रक्तदाबावरचं ऐकावं. विषय ठाऊक असला की निसटलेला शब्द मन स्वतःच भरून काढतं, आणि कानाला धीर येतो.

आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी शिकायला किंवा कामाला जाताना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडं. ऐकण्याच्या पेपरात चार भाग, ४० प्रश्न आणि साधारण अर्धा तास ध्वनिमुद्रण असतं. पहिल्या भागात दोघांचं रोजचं बोलणं, शेवटच्या भागात व्याख्यान. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, म्हणून आधी प्रश्न वाचून घ्या. बोलणारा 'ट्यूसडे' म्हणून लगेच 'नो, सॉरी, थर्सडे' म्हणतो, तेव्हा उत्तर थर्सडे असतं. स्पेलिंग चुकलं तर गुण जातो.

हा सराव फक्त परदेशी जाणाऱ्यांचा आहे असं कृपया समजू नका. २०२७च्या सिंहस्थात परदेशी पाहुणे रामकुंडाची वाट विचारतील, त्र्यंबकेश्वरच्या बसची चौकशी करतील, पैसे किती ते विचारतील. रिक्षाचालक, स्वयंसेवक, हॉटेलात काम करणारी मुलं, तुम्ही दोघं-दोघं बसा. एकाने पाहुणा व्हायचं आणि भरभर विचारायचं, 'हाउ डू वी गेट टू रामकुंड?' दुसऱ्याने ऐकून आधी प्रश्न परत म्हणून दाखवायचा आणि मगच उत्तर द्यायचं. नाही समजलं तर 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' असं न संकोचता म्हणायचं. मग जागा बदलायच्या आणि वेग थोडा वाढवायचा.

नमस्कार.