प्लेग्रुपला कधी घालावे?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच शहरांतल्या शाळांच्या फाटकांवर पुढच्या जूनच्या प्रवेशाचे फलक झळकू लागतात, आणि ज्यांच्या घरी पावणेदोन वर्षांचे मूल आहे त्यांच्या जिवाला घोर लागतो. शेजारच्या मुलीचे नाव घातले, आपले राहून गेले तर काय, या धास्तीपोटी पुष्कळ पालक घाईने फॉर्म भरतात. परंतु नोव्हेंबरात जे मूल 'पाणी' एवढाच एक शब्द बोलते, तेच जूनपर्यंत 'आई, पाणी दे' म्हणू लागलेले असते, आणि या वयात सहा-सात महिन्यांत मुलाचे चालणे, बोलणे, झोपणे सारेच पालटते. म्हणून जागा अडवून ठेवायची असेल तर ठेवावी, मात्र मूल तयार आहे की नाही याचा निर्णय मे महिन्याच्या अखेरीस, समोरच्या मुलाकडे पाहून, नव्याने करावा.

नियम काय सांगतो, तेही पाहू. आपल्या राज्यात प्लेग्रुप किंवा नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला तीन वर्षे पूर्ण होणे अपेक्षित आहे, आणि पहिलीसाठी सहा वर्षे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये अडीच वर्षांचे असतानाच नियमाने वर्गात येऊ शकते. अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षणही तीन ते सहा या वयासाठीच आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शालेय आराखड्याची सुरुवात तिसऱ्या वर्षापासून धरली आहे. गल्लोगल्ली दोन वर्षांच्या मुलांचे वर्ग निघाले आहेत ते सोयीसाठी आणि हौसेसाठी. तिथे न गेल्याने पहिलीत पोचायला कोणाला उशीर होत नाही, एवढे पालकांनी मनाशी पक्के धरावे.

मग तयारी ओळखायची कशी? बहुतेक जण रडण्यावरून ठरवतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. फाटकाशी आईच्या ओढणीचे टोक मुठीत धरून हंबरडा फोडणारे मूल तयार नसते असे मुळीच नाही; आईवर जीव आहे, एवढेच त्यावरून कळते. पाहायचे ते त्यानंतर. बाईंनी जवळ घेतले तर ते विसावते का? दहा-पंधरा मिनिटांनी वाळूच्या पेटीकडे त्याची नजर वळते का? खाऊच्या सुट्टीत काही मुले डब्याच्या झाकणाशी झटापट करतात आणि जमले नाही की डबा मुकाट्याने बाईंसमोर धरतात. हा डबा पुढे करणारा हात मला तयारीची सर्वांत मोठी खूण वाटतो, कारण घराबाहेरच्या मोठ्या माणसाकडे मदत मागता येते हे त्या मुलाला उमगलेले असते. काही मुले बंद डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहतात. ती रडत नाहीत, त्रास देत नाहीत, म्हणून 'छान रुळला' असा शेरा मिळवतात. खरे तर अशा गप्प मुलाकडेच अधिक लक्ष हवे. हे घरीही पडताळून पाहता येते. आत्याकडे किंवा शेजारच्या काकूंकडे तासभर ठेवले असता मूल त्यांच्या हातून खाते का, पडले तर त्यांच्याकडे धाव घेते का, हे पाहावे. इतर मुलांत मिसळत नाही ही तक्रार मात्र दोन वर्षांच्या मुलाबाबत करू नये, कारण त्या वयात मुले बहुधा एकमेकांशेजारी बसून आपापलेच खेळतात.

शी-शू सांगता येणे हवेच का? काही शाळा तशी अट घालतात, पण अडीच वर्षांच्या मुलाचे अधूनमधून कपडे ओले होणारच. तेव्हा मावशी ते कुरकुर न करता बदलतात का, याची चौकशी आधी करावी. भाषेचा प्रश्न मला याहून मोठा वाटतो. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी वर्गात घातले आणि 'शू आली' हे त्याचे म्हणणे टीचरच्या कानापर्यंत पोचलेच नाही, तर बिचाऱ्याने काय करावे? मुलाची घरची बोली समजणारे एक तरी माणूस वर्गात असलेच पाहिजे. दोन वर्षे उलटूनही दोन शब्द जोडून मूल बोलत नसेल, तर 'प्लेग्रुपला गेला की बोलेल' या भरवशावर न राहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि ऐकणेही तपासून घ्यावे.

आईवडील दोघेही नोकरीला जातात तिथे गरज निराळी असते. अडीच-तीन तासांचा प्लेग्रुप दिवसभराच्या सांभाळाची जागा घेऊ शकत नाही. तिथे आधी चांगले पाळणाघर शोधावे, आणि ते दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नयेत.

जितके मूल तयार हवे, तितकीच शाळाही तयार हवी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले शाळेपर्यंत येईनात म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज तेवढी अपेक्षा कोणी करणार नाही. पण पहिला आठवडाभर आईला किंवा आजीला वर्गात बसू द्यावे, वेळ अर्ध्या तासापासून हळूहळू वाढवावी, एवढे तरी शाळेने मान्य करावे. 'पहिल्या दिवसापासून पालकांना प्रवेश नाही' असे सांगणाऱ्या ठिकाणी मी तरी लहान मुलाला पाठवणार नाही. पालकांनीही मुलाची नजर चुकवून सटकू नये. 'मी जाते, खाऊ खाऊन झाला की येते' असे सांगून निघावे आणि सांगितल्या वेळी हजर व्हावे.

आपल्याकडे शाळा सुरू होते ती नेमकी पावसाळ्यात, त्यामुळे सर्दी-खोकल्याने पहिल्या दोन महिन्यांत बरेच खाडे होतात आणि प्रत्येक खाड्यानंतर रडणे पुन्हा नव्याने सुरू होते. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मात्र गणपती होऊन गेले तरी मूल रात्री दचकून उठत असेल, खाणे तुटले असेल, सांगता येऊ लागलेली शू पुन्हा कपड्यांत होत असेल, तर त्याला खुशाल घरी ठेवावे आणि पुढच्या जूनला पाठवावे. अशा वेळी उरलेल्या सत्राची फी परत मिळते की पुढच्या वर्षात वळती होते, हे प्रवेश घेतानाच विचारून, शक्य तर लिहून घ्यावे. कारण मूल रुळलेले नाही हे दिसत असूनही पुष्कळ घरांत त्याला केवळ भरलेल्या पैशांपायी मार्चपर्यंत धाडले जाते.

नमस्कार.