ग्रॅनाडाचा तह आणि त्यानंतरची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

२ जानेवारी १४९२. दक्षिण स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा शेवटचा मूर, म्हणजे मुस्लिम, सुलतान बोअब्दिल याने राजा फर्डिनांड आणि राणी इझाबेला यांच्या हाती शहराच्या किल्ल्या दिल्या. ७११ साली तिथे सुरू झालेली मुस्लिम सत्ता त्या दिवशी संपली. जाताना त्याने वळून पाहिलं, रडला, आणि आईने त्याला टोमणा मारला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती दंतकथा आहे, सोडून देऊ. मला बोलायचंय ते तहाबद्दल.

हा तह आधीच, नोव्हेंबर १४९१ मध्ये झाला होता, आणि अटी चांगल्याच उदार होत्या. मशिदी मुसलमानांकडे राहतील, त्यांचे तंटे त्यांचाच काझी सोडवील, कुणावर ख्रिस्ती होण्याची सक्ती होणार नाही. पहिला आर्चबिशप तालावेरा समजूतदार निघाला; त्याचा भर अरबी शिकून मन वळवण्यावर होता. मात्र १४९९ मध्ये टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस आला आणि घाऊक बाप्तिस्मे सुरू झाले. अरबी ग्रंथांची होळी झाली. ग्रॅनाडातली आल्बाइसिन ही मुसलमानांची वस्ती पेटून उठली, आणि सरकारला आयतं निमित्त मिळालं: बंड तुम्ही केलंत, म्हणजे तह तुम्हीच मोडलात! १५०२ मध्ये कॅस्टीलच्या, म्हणजे इझाबेलाच्या राज्यातल्या, मुसलमानांना सांगितलं गेलं, बाप्तिस्मा घ्या, नाहीतर चालते व्हा.

ज्यूंना तर इतकीही सवड मिळाली नव्हती. ३१ मार्च १४९२ चा हुकूम ग्रॅनाडातूनच निघाला: जुलैअखेर देश सोडा, आणि सोनं, चांदी, नाणी बरोबर न्यायची नाहीत. घरं, मळे मिळेल त्या किमतीला गेले. पुष्कळ जण शेजारच्या पोर्तुगालमध्ये शिरले, पण १४९७ मध्ये तिथेही त्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती करण्यात आलं.

अशाच एका घरातला मुलगा गार्सिया द ओर्ता. वैद्य होऊन १५३४ मध्ये तो गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, मुंबई बेट खंडाने घेतलं, आणि १५६३ मध्ये गोव्यातच आपल्याकडच्या औषधींवरचा ग्रंथ छापून घेतला. १५६८ मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं. एवढ्यावर भागलं नाही. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. आरोप एकच, आतून ज्यू असल्याचा. म्हणजे बाप्तिस्मा घेऊनही मेल्यावरसुद्धा सुटका नाही.

स्पेनमध्ये राहिलेल्या बाटलेल्या मुसलमानांना मोरिस्को म्हणत. त्यांची भाषा, पोशाख, हमामखाने, सगळ्यावर बंदी घालून झाली. शेवटी १६०९ मध्ये तिसऱ्या फिलिपने त्यांना हाकललंच. कागदोपत्री ती ख्रिस्ती प्रजा होती, दोन-तीन पिढ्यांची! व्हॅलेन्सियाच्या जमीनदारांनी विरोध केला. भूतदया म्हणून नव्हे हो, शेतं कसणार कोण म्हणून. १६१४ पर्यंत सुमारे ३ लाख माणसं बाहेर काढली गेली, बहुतेक उत्तर आफ्रिकेत.

२०१५ मध्ये स्पेनने कायदा करून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केलं. मोरिस्कोंच्या वंशजांना त्या कायद्यात जागा नव्हती.