उन्हाची झळ कोकराच्या वजनात कशी उतरते

श्रोतेहो, भर दुपारी मेंढ्यांचा कळप मोकळ्या माळावर थांबलेला असेल, तर त्याच्याकडे जरा निरखून पाहावे. एकेक मेंढी आपले डोके दुसरीच्या पोटाखाली घालून उभी असते, कारण तेवढीच सावली तिला मिळते. घड्याळ हातात घेऊन तिची कूस मिनिटाला किती वेळा हलते हे मोजले, तर एरवी २० ते ३० च्या घरात राहणारा आकडा कडक उन्हात २०० च्या आसपास गेलेला आढळतो. शरीराचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या जवळपास राखण्यासाठी ती धापा टाकत असते, आणि त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती वाढत्या कोकरात वाढीच्या वाट्यातूनच वजा होते.

त्यातच ते खातेही कमी. कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना उष्णता निर्माण होते, आणि चारा जितका जून व भरड तितकी ती अधिक. म्हणून तापलेले जनावर आपण होऊनच तोंड आवरते. वाढत्या तापमानात गवतही लवकर जून होते. म्हणजे ज्या दिवसांत हलका, पचायला सोपा चारा हवा, त्याच दिवसांत तो हाती लागत नाही.

मात्र कोकरू तराजूवर हलके भरले की मगच आपण कारण शोधू लागतो, हे मला फार उशिराचे वाटते. मेंढी आणि शेळी साधारण १५० दिवस गाभण असते. या काळाच्या पहिल्या निम्म्या भागात वार, म्हणजे गर्भाला आईच्या रक्तातून पोषण पोहोचवणारा अवयव, वाढते आणि गर्भाचे बहुतेक वजन शेवटच्या दीड-दोन महिन्यांत भरते. उन्हात आईचे रक्त अंग थंड करण्यासाठी त्वचेकडे व श्वासमार्गाकडे अधिक वळते, गर्भाशयाकडे कमी जाते. सुरुवातीच्या महिन्यांत दीर्घकाळ उष्णता सोसावी लागली तर वारच लहान राहते, आणि पुढे कितीही चांगला चारा दिला तरी तो गर्भापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. असे पिल्लू अशक्त जन्मते आणि आचळाशी पोहोचायला वेळ लावते. रवंथ करणाऱ्या जनावरांत आईची रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून पिल्लाकडे जात नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि आतड्यांना ती शोषता येतात ती पहिल्या दिवसापुरतीच. त्यामुळे त्या काही तासांचा उशीर करडाला पुढे कित्येक आठवडे भोवतो. उबदार, ओलसर हवेत रक्तशोषक जंतही फोफावतात, हे वेगळे सांगायला नको.

तापमानवाढीचा परिणाम सगळीकडे एकाच वाटेने होतो असे मात्र नाही. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा द्वीपसमूहातील हिर्टा बेटावरच्या रानटी सोए मेंढ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पाव शतकात त्या आकाराने ५ टक्क्यांच्या आसपास लहान झाल्या होत्या. तिथे कारण कडक उन्हाळा नव्हता. हिवाळे सौम्य झाल्यामुळे पूर्वी थंडीत दगावणारी, सावकाश वाढणारी कोकरेही आता जगू लागली होती.

पाळीव कळपात काही गोष्टी आपल्या हाती आहेत. सावली अपुरी असेल तर ती आधी गाभण माद्यांना द्यावी, आणि गाभणकाळ ऐन उन्हाळ्यात येणार नाही अशा बेताने नर कळपात सोडावा. पाणी दिवसभर समोर असावे. चारा मात्र पहाटे आणि सूर्य मावळल्यावर टाकावा, म्हणजे पोटातली आंबण्याची उष्णता रात्रीच्या गारव्यात निघून जाते.