चोक, स्टार्टर आणि चार फुटांची पट्टी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या लहानशा वर्कशॉपमध्ये लेथच्या रांगेवर टांगलेल्या चार फुटी ट्यूबलाइटांपैकी तीन आज लागत नाहीत. अशा वेळी सगळ्या पट्ट्या, म्हणजे ट्यूब, होल्डर आणि चोक बसवलेल्या चौकटी, उतरवून भंगारात घाला, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. परंतु शिडीवर चढलेले हे वायरमन आधी दिव्याकडे नीट पाहतात, कारण ट्यूब कोणत्या तऱ्हेने बंद पडली आहे, यावरून बिघाडाची जागा बहुतेक वेळा कळते.

पहिल्या ट्यूबची दोन्ही टोके तांबूस तापलेली आहेत आणि मधला भाग काळोखा आहे. वायरमन स्टार्टर, म्हणजे ट्यूब पेटवून देणारी छोटी डबी, फिरवून बाहेर काढतात आणि त्याच क्षणी ट्यूब लख्ख लागते. स्टार्टरच्या डबीत वायूने भरलेली एक काचेची कुपी असते आणि तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज येताच ही जोडपट्टी तापून वाकते, संपर्क जुळतो आणि ट्यूबच्या टोकांतील फिलॅमेंट गरम होतात; मग जोडपट्टी निवून सुटते, आणि त्या सुटण्यामुळे चोकमध्ये (प्रवाह आटोक्यात ठेवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) निर्माण झालेला जास्त दाबाचा विजेचा झटका ट्यूबमधील वायू आणि पाऱ्याच्या वाफेतून प्रवाह सुरू करून देतो. येथे संपर्क चिकटून बसले होते, म्हणजे ट्यूब आणि चोक दोन्ही ठणठणीत होते. काही रुपयांचा नवा स्टार्टर बसला की या पट्टीचे काम संपले.

दुसऱ्या ट्यूबची टोके काळवंडलेली आहेत आणि ती सतत लुकलुकते आहे. फिलॅमेंटवरचा बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप झिजला की ट्यूबचे आयुष्य संपते. तशीच लुकलुकत ठेवली, तर स्टार्टरही जातो आणि चोकही विनाकारण तापतो. मेन स्विच बंद करून, दोन्ही हातांनी धरून ट्यूब पाव फेरा फिरवली की पिना होल्डरच्या खाचेत येतात आणि ती अलगद खाली उतरते. ३८ मिलिमीटर जाडीच्या ४० वॉटच्या या जुन्या ट्यूबच्या जागी २६ मिलिमीटरची ३६ वॉटची ट्यूब त्याच होल्डरांत आणि त्याच चोकवर चालते, ही गोष्ट पट्टी बदलायला निघालेल्या अनेकांना ठाऊकच नसते.

तिसरी ट्यूब मात्र काहीच हालचाल करत नाही. स्विच बंद असूनही पट्टीवर टेस्टर पेटतो, याचा अर्थ कधीकाळी कोणीतरी फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, स्विचमधून नेली आहे. जुन्या वायरिंगमध्ये ही चूक वारंवार सापडते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून वायरमन आधी ती जोडणी सुधारतात आणि मगच तेलकट धुळीने माखलेला होल्डर बदलतात. चोकचा घूंऽऽ आवाज स्क्रू आवळल्यावर कमी होतो.

लेथवरच्या या दोन शेजारच्या पट्ट्या मुद्दाम तीन फेजच्या विजेतील वेगवेगळ्या फेजवर जोडलेल्या आहेत. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते. त्यामुळे मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरणारा तीन जॉचा चक (काम पकडणारा, तीन जबड्यांचा लेथचा भाग) अशा एकाच ट्यूबच्या उजेडात सहा जॉचा आणि जागच्या जागी थांबलेला भासू शकतो. दोन फेजवरच्या ट्यूबा एकाच वेळी मंदावत नाहीत, त्यामुळे हा भास बराच कमी होतो.

भारत ज्यात सहभागी आहे त्या, पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२३ मधील बैठकीत ठरल्यानुसार हॅलोफॉस्फेट लेपाच्या (जुन्या प्रकारच्या प्रकाश देणाऱ्या लेपाच्या) लांब ट्यूबांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२६ अखेर, तर तिरंगी फॉस्फरच्या (तीन रंगांचा उजेड एकत्र देणाऱ्या लेपाच्या) ट्यूबांची २०२७ अखेर थांबायची आहे. त्यामुळे शेवटच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवली जात आहे, पण पट्टी तीच राहते. स्टार्टर काढला जातो, चोक वगळला जातो आणि सोबत आलेल्या आकृतीप्रमाणे फेज व न्यूट्रल थेट होल्डरला जोडल्या जातात. काही एलईडी ट्यूबांना वीज एकाच टोकाला लागते, काहींना दोन्ही टोकांना, त्यामुळे आकृती न पाहता जोडणे धोक्याचे आहे. पुढे कोणी चुकून जुनी ट्यूब लावू नये म्हणून पट्टीवर तशी चिठ्ठी चिकटवली जाते. उतरवलेल्या ट्यूबांत पारा असल्यामुळे त्या न फोडता ई-कचरा संकलनाकडे द्याव्या लागतात.

काढलेला तांब्याच्या तारेचा चोक सुस्थितीत आहे. तो कपाटात जाईल, कारण उरलेल्या पट्ट्यांपैकी एखादीला तो लागणारच आहे.