गिरणी वाचते ती नियमामुळे

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरात पिंपांचा एक जुना कारखाना सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांसाठी खुला झाला: सेस्क पॉम्पेया. संबंध काही नाही, पण गिरणगावाबद्दल बोलताना मला हा कारखाना हटकून आठवतो.

वास्तुरचनाकार लीना बो बार्दी तिथे सुट्टीच्या दिवशी गेल्या, तेव्हा रिकाम्या शेडमध्ये मुलं चेंडू खेळत होती, बायाबापड्या खाणं रांधत होत्या. म्हणजे कारखाना लोकांनी आधीच ताब्यात घेतला होता! बाईंनी तो पाडला नाही. गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या, आतल्या आडभिंती काढल्या, दालनातून पाण्याचा एक उथळ ओहोळ नेला. वाचनालय, नाट्यगृह, सुतारकाम-विणकामाच्या कार्यशाळा, स्वस्तातलं जेवण, सगळं तिथे आहे.

जुन्या गिरणीत घरं करणं जास्त अवघड. सूतगिरणीचा मजला इतका रुंद असतो की मधल्या खोल्यांना खिडकीच मिळत नाही. व्हिएन्नात १८९९ च्या चार गॅसटाक्यांची घरं झाली, २००१ साली. तिथे विटांची गोल भिंत हे नुसतं कवच होतं. आत नवी इमारत उभारली, उजेडासाठी मध्ये चौक सोडला. हे तंत्र आपल्या इंजिनिअरांना जमलं नसतं असं कोणी म्हणू नये.

आपलं घोडं अडलं ते नियमात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम पाहा. गिरणीची जमीन पुनर्विकासाला काढली की साधारण तीन वाटे: महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. पण जुनं बांधकाम ठेवून त्यातच काही केलं, तर वाटणी नाही. म्हणजे शेड राखण्यात मालकाचाच फायदा होता. वारशाचं प्रेम वगैरे नव्हे, हिशेब! २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडली तरी तिच्याखालची जागा मालकाचीच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. मग साचेखातं, म्हणजे मागांची शेड, कोण कशाला ठेवेल? फिनिक्स गिरणीची चिमणी राहिली, पण मॉलची शोभा म्हणून. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली. घरं ६,९२५, अर्ज दीड लाखाच्या आसपास, आणि तीही नव्या टॉवरांत.

साओ पावलोत पैसा कुठून आला, हे कोणी विचारत नाही. सेस्क ही संस्था व्यापारी आस्थापनांच्या पगारखर्चावरच्या दीड टक्का वर्गणीवर चालते, आणि ती वर्गणी कायद्याने सक्तीची आहे. मुंबईत अशी वर्गणी कोणाकडून घ्यायची, यावर तुमची मतं प्रश्नोत्तरांत ऐकायला आवडतील.