तळं वाचलं, ट्रॅक वाकला

(साउथ कॅरोलिना राज्यातल्या डार्लिंग्टन इथल्या ‘सदर्न 500’ या मोटार शर्यतीवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, ‘तासन्‌तास गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांबद्दल बोलणार तरी काय?’ शंका रास्त आहे. म्हणून तर मी जगप्रसिद्ध डेटोना ट्रॅक सोडून डार्लिंग्टन घेतलं. या ट्रॅकला गोल म्हणता येत नाही आणि नीट लंबगोलही म्हणता येत नाही. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं, असा तो अंड्यासारखा आहे. माझं म्हणणं एवढंच, की या शर्यतीचा पाऊणशे वर्षांचा इतिहास पुष्कळसा त्या जमिनीनं घडवलाय.

हॅरॉल्ड ब्रॅझिंग्टन हा डार्लिंग्टनचा व्यावसायिक. 1933 साली त्यानं इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत पाहिली आणि तसंच काहीतरी आपल्या गावात करायचं त्याच्या डोक्यात बसलं. गाव म्हणजे कापसाचा मुलूख. तिथल्या शर्यती व्हायच्या त्या मातीच्या छोट्या ट्रॅकवर आणि शेपन्नास मैलांच्या. शेवटी शर्मन रॅम्से नावाच्या शेतकऱ्याकडून 70 एकर शेत मिळालं, पण रॅम्सेनं अट घातली. शेताच्या एका टोकाला त्याचं छोट्या माशांचं तळं होतं, त्याला हात लावायचा नाही. ब्रॅझिंग्टननं ती मान्य केली. तळं वाचलं आणि त्या बाजूचं वळण आत ओढून घ्यावं लागलं.

याची किंमत ड्रायव्हर आजही मोजतात. सारख्या वळणांच्या ट्रॅकवर गाडीची बांधणी, म्हणजे स्प्रिंगा, टायरमधली हवा, वजनाची विभागणी, एकदाच जुळवली की काम भागतं. इथे एका टोकाला 25 अंशांचा आडवा उतार (वळणाची बाहेरची कड उंच) आणि ऐसपैस वळण, दुसरीकडे 23 अंश आणि जागेची टंचाई. एका टोकाला गाडी छान वळली, तर दुसऱ्या टोकाला ती हमखास रुसते. वेग टिकवायचा तर वरच्या भिंतीला अगदी खेटून जावं लागतं आणि जरा अंदाज चुकला की उजवी बाजू भिंतीला घासून निघते. गाडीवर उठणाऱ्या त्या ओरखड्याला तिथे ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात.

पहिली शर्यत 4 सप्टेंबर 1950 ची. त्या दिवशी लेबर डे, म्हणजे अमेरिकेतली कामगारांची सुट्टी होती. नॅसकार ही स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची आणि तिचे संस्थापक बिल फ्रान्स सुरुवातीला या प्रकरणापासून चार हात लांबच होते. स्टॉक कार म्हणजे तेव्हा खरोखरच दुकानात मिळणारी गाडी, ती 500 मैल सलग पळेल यावर कुणाचा भरवसा नव्हता. पण अखेर ते सामील झाले. इंडियानापोलिसची नक्कल करत एका रांगेत तीन, अशा 25 रांगांमध्ये 75 गाड्या उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे कर्टिस टर्नर. आणि 43 व्या जागेवर कॅलिफोर्नियाचा जॉनी मँट्झ. त्याची हलकी, कमी ताकदीची प्लिमथ गाडी म्हणजे बाजारहाटाची गाडी. तिच्या मालकांमध्ये स्वतः फ्रान्स आणि टर्नरही होते, हा त्यातला आणखी एक मासलेवाईक भाग.

कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल अशा दणकट गाड्यांनी सुरुवातीलाच वेग घेतला आणि सप्टेंबरच्या उन्हात तापलेल्या डांबरावर त्यांचे टायर फाटायला लागले. साठा संपला, तेव्हा काही चमू मधल्या मैदानात उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे टायर मागायला गेले, असं सांगतात. मँट्झनं इंडियानापोलिसला गाडी चालवली होती. लांब पल्ल्याच्या शर्यतीत इंजिनाआधी टायर दगा देतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ट्रकला लावतात तसे कडक टायर बसवले आणि एका लयीत चालवत राहिला. साडेसहा तासांहून जास्त वेळ लागला. सरासरी वेग ताशी 75 मैल, म्हणजे सुमारे 121 किलोमीटर. आपल्या द्रुतगती मार्गावर यापेक्षा जोरात जाणारे महाभाग रोज दिसतात! पण मँट्झ जिंकला तो नऊ फेऱ्यांच्या फरकानं.

पुढच्या काही वर्षांत वेग वाढत गेला. 1957 मध्ये सरासरी पहिल्यांदा ताशी 100 मैलांच्या पुढे गेली आणि त्याच शर्यतीत बॉबी मायर्स मृत्युमुखी पडला. 1965 मध्ये नेड जॅरेट 14 फेऱ्यांच्या फरकानं जिंकला. नॅसकारच्या सर्वोच्च स्पर्धेत अंतराच्या हिशेबात त्याहून मोठा विजय आजवर झालेला नाही. त्याच दिवशी केल यारबरोची गाडी कठड्यावरून उडून ट्रॅकच्या बाहेर पडली आणि हा गडी धडधाकट चालत परत आला. केल जवळच्याच टिमन्सव्हिलचा. लहानपणी कुंपणाखालून सरपटत इथे शर्यत बघायला घुसलेला. 1957 मध्ये वय बसत नसतानाही तो याच शर्यतीत उतरला होता. पुढे ती त्यानं पाच वेळा जिंकली. त्याच्यापेक्षा जास्त, म्हणजे सहा विजय, फक्त जेफ गॉर्डनच्या नावावर आहेत.

पण या जमिनीची आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. कापसाचा मुलूख म्हणजे गुलामगिरीचा मुलूख. शर्यतीच्या नावातला ‘सदर्न’ हा शब्द नुसती दिशा दाखवत नव्हता. 1952 मध्ये फाँटी फ्लॉक चक्क अर्ध्या चड्डीवर जिंकला, गाडीवर उभा राहिला आणि जमावाकडून ‘डिक्सी’ हे जुन्या दक्षिणेचं गाणं गाऊन घेतलं. पुढे विजेत्याच्या गाडीवर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाच्या वेशातला माणूस दक्षिणेचा झेंडा घेऊन उभा राहू लागला. वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय ड्रायव्हरला डार्लिंग्टननं कित्येक वर्षं उतरू दिलं नाही. 1963 च्या डिसेंबरात फ्लोरिडात स्कॉट शर्यत जिंकला, तर विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं ते बक बेकरचं, म्हणजे सदर्न 500 तीनदा जिंकणाऱ्या ड्रायव्हरचं. चूक मोजणीतली, असं नंतर सांगून निकाल बदलला, पण तोवर सोहळा उरकला होता. त्या जुन्या झेंड्यावर नॅसकारनं बंदी घातली ती थेट 2020 मध्ये. फार उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तारखेकडे येतो. रविवारी करमणुकीला कायद्याची आडकाठी असल्यामुळे 1983 पर्यंत ही शर्यत लेबर डेच्या सोमवारीच व्हायची. नंतर ती आदल्या रविवारी होऊ लागली, तरी सुट्टी तीच. 1985 मध्ये बिल एलियट इथे जिंकला आणि चार मोठ्या शर्यतींपैकी तीन जिंकणाऱ्यासाठी लावलेलं 10 लाख डॉलरचं बक्षीस घेऊन गेला. शर्यतीचं देशभर नाव झालं. पण नाव झालं की पैशाचं गणित येतं. गाव लहान, मोठ्या शहरांच्या मानानं प्रेक्षक कमी. 2004 पासून लेबर डेची तारीख कॅलिफोर्नियातल्या फॉन्टानाच्या ट्रॅकला दिली गेली. त्या वर्षी सदर्न 500 नोव्हेंबरात झाली. त्यातच टेक्सासच्या ट्रॅकला वर्षात दुसरी शर्यत मिळावी म्हणून त्याच्या मालक कंपनीच्या एका भागधारकानं लावलेला दावा तडजोडीनं मिटला, त्यात डार्लिंग्टनच्या वर्षातल्या दोन शर्यतींपैकी एक गेली. उरली ती मे महिन्यात आणि नावही बदललेलं. आपल्याकडे गावच्या यात्रेतली बैलगाडा शर्यत उचलून भलत्याच महिन्यात, भलत्याच गावी भरवली तर गावकरी काय म्हणतील? साउथ कॅरोलिनातले लोक तेच म्हणत होते.

नाव 2009 मध्ये परत आलं. तारीख परत मिळायला 2015 उजाडलं. त्या वर्षीपासून चमूंनी आपल्या गाड्या जुन्या काळातल्या रंगांत रंगवायला सुरुवात केली आणि निवृत्त ड्रायव्हर आवर्जून येऊ लागले. यात विक्रीची हुशारी आहेच, पण ज्या ट्रॅकला इतिहास आहे तिथेच ती शोभते. 2020 च्या मे महिन्यात करोनानं थांबलेला नॅसकारचा हंगाम रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाला, तोही डार्लिंग्टनमध्येच.

आणि फॉन्टाना? तिथे लेबर डेला अपेक्षेइतकी गर्दी जमलीच नाही. 2009 मध्ये तारीख अटलांटाला गेली. 2023 च्या फेब्रुवारीत फॉन्टानाची शेवटची शर्यत झाली, बहुतेक जमीन गोदामांसाठी विकली गेली आणि ट्रॅक पाडला. डार्लिंग्टनमध्ये 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं चेस ब्रिस्को जिंकला, दोन्ही वेळा लेबर डेच्या आदल्या रविवारी.

आता प्रश्न घेऊ या. टायरबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आधी विचारा, त्यावर मी बराच वेळ बोलू शकतो.